प्रार्थना मंडळीच्या हाती

१९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी मुलींना विचारलं, की संजीवनासाठी, म्हणजे आत्मिक जागृतीसाठी, रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला बसायची कोणाकोणाची तयारी आहे. सत्तरजणी पुढे आल्या. मुक्तीतल्या या मुली कोण होत्या, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी आणलेल्या विधवा आणि अनाथ मुलींनी हे सदन भरलेलं होतं. बऱ्याचजणींनी अक्षरं गिरवली ती इथे आल्यावरच. बहुतेकींच्या माहेरी-सासरी ख्रिस्ती प्रार्थना कधी कोणी ऐकलेली नव्हती. सत्तरच्या शंभर झाल्या, शंभराच्या दोनशे, आणि जून संपत आला तेव्हा साडेपाचशेजणी दिवसातून दोनदा शाळेच्या प्रार्थनागृहात जमत होत्या.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे. २९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमाराला एका मुलीला आपल्या अंगात अग्नी उतरल्यासारखं वाटलं. शेजारी झोपलेली मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली आणि पाणी ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की पेटलेलं काही नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई त्यांच्या नेहमीच्या शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं. हा सगळा प्रकार जवळून पाहणाऱ्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स यांनी पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. मुक्तीचं संजीवन जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदलं गेलं.

ही कहाणी सांगताना वक्ते पाण्याच्या बादलीपाशी रेंगाळतात. मला मात्र जानेवारी ते जून हे सहा महिने जास्त मोलाचे वाटतात. त्या सहा महिन्यांत काही चमत्कार झाल्याची नोंद नाही. सकाळी जमायचं, संध्याकाळी जमायचं, आणि ज्यांना प्रार्थनेची सवय नव्हती त्यांनी ती करत करत शिकायची, एवढंच चाललेलं होतं. आपली मंडळी प्रार्थनेत खोल जावी असं ज्या पाळकाला, पंचाला किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरीला मनापासून वाटतं, त्यांनी अभ्यास करावा तो या सहा महिन्यांचा.

त्यामागे रमाबाईंची कित्येक वर्षांची तयारी होती. १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या केझिकच्या संमेलनात त्यांनी भारतासाठी प्रार्थना करा अशी विनंती केली होती. १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संजीवनाची बातमी आली आणि त्याआधी तिथे घरोघरी प्रार्थनेचे छोटे गट बसत होते हे त्यांना समजलं. बातमी वाचून बाई स्वस्थ बसल्या नाहीत. आपली मुलगी मनोरमा आणि मिनी एब्रम्स या दोघींना त्यांनी ऑस्ट्रेलियाला पाठवलं, ते गट कसे चालतात हे डोळ्यांनी पाहून या म्हणून. प्रार्थना ही शिकण्याची, पाहण्याची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी बोटीचं भाडं खर्च करणं योग्य आहे, असं त्यांना वाटलं. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकात इमारतीची रंगरंगोटी असते, ख्रिस्मसची सजावट असते, साउंड सिस्टीम असते. प्रार्थना शिकण्यासाठी चार माणसांना कुठे पाठवायचं म्हटलं तर ती रक्कम कोणत्या सदरात दाखवायची, इथपासून प्रश्न पडेल.

आणखी एक गोष्ट रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहून ठेवली आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या म्हणतात, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला मात्र पुढची आठ वर्षं लागली. पुराणिकाची ही मुलगी, संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असलेली, ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचं मराठी भाषांतर करणारी. एवढ्या अधिकाराची बाई मोकळेपणाने सांगते, की मी आठ वर्षं उपासनेला जात होते आणि आतलं नातं जुळलेलं नव्हतं. हे कबूल करण्याची मुभा मंडळीत असावी लागते. ज्या मंडळीत प्रत्येकाने आपण आत्मिक आहोत असंच दाखवायचं असतं, तिथे प्रार्थना शिकवा असं म्हणायला कोणी धजत नाही. येशूच्या शिष्यांनी ते म्हटलं होतं. लूकच्या अकराव्या अध्यायात, येशू प्रार्थना करून उठल्यावर, एक शिष्य सरळ विनंती करतो की आम्हालाही शिकवा. आमच्या मंडळ्यांतल्या प्रौढांनी हे वाक्य शेवटचं कधी उच्चारलं असेल?

कोणत्याही मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतली रविवारची उपासना पाहा. गायनं ठरलेली, वाचनं ठरलेली, उपदेश पाळकसाहेबांचा. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजारी, प्रवासी, परीक्षार्थी आणि देशाचे अधिकारी येतात, आणि ही प्रार्थनाही बहुधा पाळकच करतात. लोक शेवटी ‘आमेन’ म्हणतात. घरी कोणी आजारी पडलं, नवी गाडी घेतली, घर बांधायला काढलं, की पाळकसाहेबांना बोलावणं जातं. घरात आई-वडील असतात, कधी आजी असते, तरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला पाळकच लागतात. यात पाळकांबद्दलचा आदर आहे, हे खरं. पण या आदराच्या आडून मंडळीने आपलं एक काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आहे. पाळकांशी बोलताना बुधवारच्या प्रार्थनासभेचा विषय निघाला की गाडी त्याच त्या तक्रारीवर येते: सभेला सात-आठ वयस्क बाया येतात, बाकी कोणी फिरकत नाही. मला त्या सात-आठ बायांकडे पाहून निराश व्हावंसं वाटत नाही. त्यांना मंडळीने कधी शिक्षक म्हणून पाहिलेलं नाही, याचं वाईट वाटतं. त्यांच्यातल्या एखादीसमोर तरुण संघातली दोन मुलं महिनाभर बसवावीत. ज्या बाईने तीस वर्षं एखाद्या दारुड्या मुलासाठी प्रार्थना केली आहे, तिच्याजवळ देण्यासारखं खूप असतं.

वेळेचा प्रश्नही टाळता येत नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा माणूस बुधवारी सात वाजता चर्चला पोचू शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये २३ सप्टेंबर १८५७ रोजी जेरेमाया लॅन्फियर नावाच्या एका साध्या कार्यकर्त्याने फुल्टन स्ट्रीटवर प्रार्थनासभा ठेवली, ती दुपारी बारा वाजता, कामगार-व्यापाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. पाच मिनिटं येऊन जा, तासभर बसा, जसं जमेल तसं, अशी मोकळीक होती. पहिला अर्धा तास तो एकटाच बसून होता. तास संपेपर्यंत सहाजण जमले. काही महिन्यांत अमेरिकेतल्या शहराशहरांत अशा सभा भरू लागल्या. सभेची वेळ लोकांच्या दिवसात कुठे बसते, हे त्याने आधी पाहिलं होतं. लोकलच्या डब्यात रोज एकत्र जाणारे चारजण, कंपनीच्या कँटीनमध्ये भेटणारे तिघे, पहाटे शेतावर जाण्याआधी भेटणारी दोन घरं, अशी सभा भरायला चर्चची किल्ली लागत नाही.

आता थोडं नगरकडे वळू, कारण प्रार्थनेच्या भाषेचा प्रश्न तिथे सुटला. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगर-राहुरी हा त्यांच्या कामाचा प्रदेश झाला. त्यांच्या आधीही मराठी ख्रिस्ती गीतं होती, नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कवी-कीर्तनकार होते, पण उपासनेत भाषांतरित गीतांचा आणि विलायती चालींचा वरचष्मा होता. टिळकांनी शेकडो भजनं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना ते पटतं. देवाशी थेट, एकवचनात, हक्काने बोलायचं, रुसायचं, विनवायचं, ही रीत त्यांना वारकरी संतांकडून मिळालेली होती. ती त्यांनी चर्चच्या बाकांवर आणून बसवली.

याचा परिणाम किती खोल गेला, हे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडल्यावर कळतं. नगर, सोलापूर, जालना, पुणे या भागांतल्या जुन्या मंडळ्यांत अशा आज्या आढळतात, ज्यांना उभं राहून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायचा संकोच वाटतो, पण टिळकांची भजनं पुस्तक न उघडता म्हणता येतात. भाकरी थापताना, नातवाला झोपवताना ती ओठांवर असतात. त्या बाईला प्रार्थना येत नाही असं कोण म्हणेल? पाठ असलेलं भजन हीच तिची प्रार्थनेची पोथी आहे. मंडळीने करायचं ते इतकंच, की रविवारी गायलेलं एक भजन आठवडाभर घरोघरी म्हटलं जावं आणि पुढच्या रविवारी त्यातल्या एखाद्या ओळीवर कोणी दोन मिनिटं बोलावं. तरुणांना पडद्यावर शब्द पाहून इंग्रजी-हिंदी गाणी म्हणायची सवय आहे. त्या गाण्यांशी माझं वैर नाही. मात्र पडदा बंद झाला की शब्दही जातात, आणि दवाखान्याच्या बाकावर रात्री दोन वाजता पडदा नसतो. तिथे पाठ असलेलंच कामी येतं.

टिळकांचं शेवटचं पर्व या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनचा पगार सोडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताच्या मागे जाऊ पाहणारे, असे दोघेही त्यांना तिथे एकत्र हवे होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि तो प्रयोग वाढायला अवधी मिळाला नाही. संस्थेच्या हिशेबात तो अयशस्वी ठरेल. मला त्यातला धीटपणा मोठा वाटतो: सभासदत्वाची वही बाजूला ठेवून आधी एकत्र देवासमोर बसू, असं म्हणणारा कवी वयाच्या पंचावन्न-छपन्नाव्या वर्षी नव्याने सुरुवात करत होता.

वसईच्या कॅथलिक समाजात प्रार्थनेचं घर वेगळ्या पायावर उभं आहे. तिथे संध्याकाळची रोझरी हा कुटुंबाचा नेम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत आणण्याची वाट मोकळी झाली. वसईत मराठी मिस्सा आली, मराठी गायनं आली, ‘सुवार्ता’ मासिकाने वाचणारा वर्ग घडवला, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने शास्त्र आजच्या मराठीत घरात आणलं. त्याहीआधी, १६१६ मध्ये गोव्यात छापून निघालेलं ‘ख्रिस्तपुराण’ फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलं ते लोकांनी एकत्र बसून ऐकावं म्हणूनच. पण नेम असला तरी तो पोकळ होऊ शकतो. टीव्हीवरची मालिका सुरू व्हायच्या आत रोझरी उरकायची, मुलं मोबाइल उलटा ठेवून ओठ हलवत बसलेली, ही तक्रार वसईच्याच लोकांकडून ऐकू येते. प्रॉटेस्टंट घरांत तर तो नेमही सुटत चालला आहे. कुटुंबप्रार्थना म्हणून रात्री जेवणाआधी बायबलचा अर्धा अध्याय आणि वडिलांची प्रार्थना हा पूर्वीच्या ख्रिस्ती चाळींतला रिवाज होता. आता चौघांच्या जेवणाच्या वेळाही चार झाल्या आहेत.

नेमात जीव कसा भरायचा, यावर महाराष्ट्रातच एका जेसुइट धर्मगुरूने आयुष्य वेचलं. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले अँथनी डिमेलो. लोणावळ्याची त्यांची ‘साधना’ संस्था आणि १९७८ मधलं त्याच नावाचं पुस्तक जगभर गेलं. त्यातला पहिला पाठ निव्वळ शांततेचा आहे: डोळे मिटून काही मिनिटं गप्प बसा आणि काय जाणवलं ते एकमेकांना सांगा. वर्षानुवर्षं प्रार्थना शिकवणाऱ्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींनाही ते या पाठापासून सुरुवात करायला लावत. १९९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल श्रद्धाळूंना सावध केलं, आणि ज्यांना त्यांचं लेखन वापरायचं आहे त्यांनी ते जरूर लक्षात घ्यावं. शांत बसण्याचा त्यांचा आग्रह मात्र त्यांच्या एकट्याचा नव्हता. बाराव्या शतकातल्या ग्विगो या मठवासी साधूने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेल्या आणि पुढे पुण्यात आलेल्या ख्रिस्त सेवा संघानेही भारतीय आश्रमाच्या वळणाची उपासना रुजवू पाहिली. त्याच पुण्यातल्या आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मभगिनी एकत्र राहून प्रार्थना करू लागल्या. त्यातल्या अँग्लिकन भगिनी वाँटेजच्या संघाच्या होत्या, म्हणजे रमाबाईंनी जिथे बाप्तिस्मा घेतला त्याच घरच्या.

आमच्या प्रॉटेस्टंट उपासनेत शांततेची धास्ती आहे. प्रार्थनेत पाच सेकंद कोणी बोललं नाही की पेटीवर सूर धरला जातो. वाचन झाल्यावर दोन मिनिटं कोणीही काही बोलायचं नाही, असा पायंडा एखाद्या मंडळीने पाडून पाहावा. पहिले काही रविवार खोकले ऐकू येतील, बाकं वाजतील. मग माणसं बसायला शिकतील.

गप्प बसायला येणं आणि रडायला येणं यांचं जवळचं नातं आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस तोंड फिरवणार, असं विचारणारी. आपल्या प्रार्थनांत मात्र उपकारस्तुतीनंतर थेट मागण्या येतात. मराठवाड्यातल्या मंडळीत दुष्काळाच्या वर्षी, कर्जाने घर बुडालेल्या माणसाच्या शेजारी बसून, आनंदाचीच गायनं गायची? कोविडच्या दोन वर्षांत ज्यांनी आपल्या माणसाला शेवटचा हातही लावला नाही, त्यांच्यासाठी किती मंडळ्यांनी विलापाची उपासना घेतली? दुःख सांगायला जागा मिळाली नाही तर माणूस प्रार्थनासभेला येणं बंद करतो आणि त्याचं कारण कोणालाच सांगत नाही.

मोठमोठ्या संजीवन सभांबद्दल म्हणायचं ते इथेच म्हणतो. मैदान, मंडप, बाहेरचा वक्ता, तीन दिवस. त्यातून माणसं बदललेली आहेत आणि मी ते नाकारणार नाही. पण मुक्तीतल्या मुली सहा महिने बसल्या तेव्हा वक्ता बाहेरून आणलेला नव्हता, आणि लाट ओसरल्यावरही सदनाची कामं चालू राहिली: दळण, विणकाम, छापखाना, शाळा. मुलींच्या गोंगाटावर तेव्हा टीका झाली. हे अतिरेकी आहे, भावनेच्या भरात आहे, असं काही मिशनऱ्यांचंही मत होतं. रमाबाईंचा त्यावरचा युक्तिवाद असा, की पवित्र आत्म्याने इतर देशांत जे स्वातंत्र्य घेतलं ते भारतीय ख्रिस्ती लोकांत का घेऊ नये. आमच्या लोकांना आमच्या रीतीने देवासमोर येऊ द्या. शांतपणाने शिकवणाऱ्या, स्वभावाने संयमी असलेल्या बाईने मोठ्याने रडणाऱ्या मुलींची बाजू घेतली. आणि त्या मुली रडून थांबल्या नाहीत. संजीवनाच्या आधीच तीसजणींनी शिक्षण बाजूला ठेवून खेड्यांत जायची तयारी दाखवली होती, आणि पुढे प्रार्थनेच्या तुकड्या करून त्या गावोगाव फिरल्या. मोठ्या आवाजातली प्रार्थना की मुकी प्रार्थना, हा वाद मला दुय्यम वाटतो. प्रार्थना करून उठलेला माणूस शेजाऱ्याच्या दारात गेला का, हे पाहावं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अनेक मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो. त्याचा उगम पंजाबातला आहे. लुधियानाच्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केलं आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन १९२७ पासून जगभर पाळला जातो. दरवर्षी एकेका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना लिहितात आणि ती आपल्या महिला मंडळांपर्यंत मराठीत पोचते. म्हणजे चौकट आयती आहे. येत्या जानेवारीत एखाद्या मंडळीने सातही दिवस पाळकांना प्रार्थना करायला न लावता त्यांना बाकावर बसवावं. एक दिवस मुलांचा, एक बायांचा, एक शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांचा. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एक नाव द्यावं, त्या व्यक्तीसाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची. चिठ्ठ्यांत मंडळीच्या बाहेरची, गल्लीतली, इतर धर्मांची नावंही असावीत. त्यांच्या घरचं आजारपण, पोराची नोकरी, पाण्याची टंचाई ठाऊक असल्याशिवाय अशी प्रार्थना होत नाही, म्हणून त्यांच्याकडे आधी जाऊन बसावं लागेल.

आणि एक दिवस पंचमंडळाचा ठेवावा. चर्चच्या जमिनी, निवडणुका, हिशेब यांवरून आपल्या किती मंडळ्या दोन तटांत विभागल्या आहेत, कोर्टाच्या तारखा किती वर्षं पडताहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. एका तटाचा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की दुसऱ्या तटाचे डोळे उघडे ठेवतात, ही अवस्था आहे. त्या दिवशी प्रत्येक पंचाने विरुद्ध बाजूच्या एका माणसाचं नाव घ्यावं आणि त्याच्या घरासाठी, मुलाबाळांसाठी, प्रकृतीसाठी त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करावी. दावा मागे घ्यायची अट नको. नाव घ्यावं, एवढंच. जिथे हे जमणार नाही, तिथे सभेची सुरुवात प्रार्थनेने करणं त्या वर्षापुरतं थांबवावं, आणि आपण ती का थांबवली हे मंडळीला रविवारी उभं राहून सांगावं.